सांगणारा, लिहिणारा आणि विचारणारा

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस 'घडलेल्या गोष्टीची दीर्घ हकिकत' या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा पत्र चुकून आमच्या पत्त्यावर आले असावे असेच आम्हांस प्रथम वाटले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि संध्याकाळी नगरवाचनालयात. इंग्रजी शिकलो तेही कोर्टाचे निवाडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता. साहित्याच्या प्रांतात आमचा अधिकार तो काय? परंतु विचार केला, तेव्हा ध्यानात आले की गेली तीस वर्षे आम्ही एकच काम करीत आलो आहोत. माणसाच्या तोंडून त्याची हकिकत ऐकावयाची, ती कागदावर उतरवावयाची, आणि तिसऱ्या माणसाला ती खरी म्हणून पटवावयाची. ग्रंथकार तरी वेगळे काय करतो? फरक इतकाच, की त्याची हकिकत फसली तर पुस्तक पडून राहते. आमची फसली तर कोणाच्या तरी पोटावर पाय येतो.

अशी एक फसलेली हकिकत आधी सांगतो. आजच्या विषयाकडे आम्ही वळलो ते तिच्यामुळे.

आम्ही चळवळीत नवे होतो तेव्हाची गोष्ट. औद्योगिक वसाहतीत दोन पाळ्या मिळून आठ माणसांचे एक शेड होते. कामगार विम्याची योजना तेथे लागू नव्हती. मे महिन्यात, रात्रपाळी सुटावयास अर्धा तास असताना, एका तरुण कामगाराचा उजवा हात पॉवर प्रेसखाली सापडला. दोन बोटे गेली आणि तिसरे अर्धे गेले. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी त्याची जबानी आम्ही लिहून घेतली. त्या वेळी आमच्या डोक्यात वाचनाचे वारे भरलेले होते. नगरवाचनालयात 'माणूस' साप्ताहिकाचे जुने बांधीव खंड होते. माजगावकरांच्या त्या साप्ताहिकातले मोठमोठे लेख वाचून, आपणही असेच काळजाला भिडणारे लिहावे असे वाटे. आम्ही लिहिले: 'रात्रीच्या काळोखात, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तो यंत्रापुढे उभा होता. यंत्राचे गार्ड काढलेले होते.' वाचून आमचे आम्हीच खूष झालो.

सुनावणीत मालकाच्या वकिलाने ती दोन वाक्येच धरली. अपघात सकाळी साडेसहाचा, महिना मे. काळोख कोठून आला? आम्हांस उत्तर देता येईना. मग तो दुसऱ्या वाक्याकडे वळला. गार्ड काढलेले होते, कोणी काढले? १९२३ च्या कायद्यात असे कलम होते की कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले आणि त्यामुळे इजा झाली, तर जीव गेल्याखेरीज मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. तेव्हा ते कलम असेच होते. मालकाचे म्हणणे, गार्ड यानेच काढले. आमचा माणूस उभा राहून सांगू लागला की आठ दिवसांपूर्वी मेस्त्रीने ते काढावयास लावले होते, माल लवकर निघावा म्हणून. वकील शांतपणे म्हणाला, 'हे जबानीत का नाही?' ते जबानीत नव्हते, कारण वाक्याचा ओघ मोडतो म्हणून ते आम्हीच गाळले होते. शेवटी प्रकरण थोडक्या रकमेवर मिटवावे लागले. बाहेर आल्यावर तो आम्हांस एवढेच म्हणाला, "भाऊ, काळोख मी म्हटलाच नव्हता. आणि मेस्त्रीचं मी म्हटलं होतं."

जे त्याने सांगितले नव्हते ते आम्ही घातले, आणि जे सांगितले होते ते काढले. हे दोन्ही करताना आमची नियत साफ होती. पण लिहिल्यावर 'हे तुला कसे कळले' असे विचारणारे शेजारी कोणी नव्हते. सांगणारा होता, लिहिणारा होता, विचारणारा नव्हता. पुढे आम्ही हकिकतींचा इतिहास चाळू लागलो तेव्हा दिसले की थोर लेखकांचेही भवितव्य याच तिसऱ्या माणसावर अवलंबून राहिले आहे. छापखान्याच्या भाषेत त्याला संपादक म्हणतात. त्याच्या आणि लेखकाच्या बोलण्यातून हकिकत कशी तरली आणि कशी बुडाली, याची चार उदाहरणे काळाच्या क्रमाने आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण लंडनचे. १८४९ साली त्या शहरात पटकीची मोठी साथ आली. हेन्री मेह्यू नावाचा छत्तीस वर्षांचा पत्रकार, 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या संस्थापकांपैकी एक, थेम्सच्या दक्षिणेस बर्मंडसी भागातल्या एका गलिच्छ वस्तीत गेला. लोक ज्या नाल्यात घाण सोडत त्याच नाल्याचे पाणी पीत होते. त्याने जे पाहिले ते 'मॉर्निंग क्रॉनिकल' या दैनिकात त्याच वर्षाच्या सप्टेंबरात छापून आले. ऑक्टोबरपासून त्या पत्राने 'मजूर आणि गरीब' अशी लेखमालाच सुरू केली, आणि राजधानीचा भाग मेह्यूकडे दिला. वर्षभराहून अधिक काळ तो शिवणकाम करणाऱ्या बायका, शिंपी, चांभार, गोदीतले हमाल, सुतार यांच्याकडे जात राहिला. मजुरी किती, दिवस किती तासांचा, दोरा-मेणबत्तीचा खर्च कोणाकडे, बेकारीचे आठवडे किती, हे तो विचारी. आणि एकाच्या सांगण्यावर न थांबता त्याच धंद्यातल्या दुसऱ्याकडून ताडून घेई. आमच्यासारख्यांनी टोपी काढावी असे हे काम. आजही मागणीपत्र तयार करताना आम्ही याहून निराळे काही विचारीत नाही.

मग बिनसले कोठे? मेह्यूला आढळून आले की मुक्त व्यापाराने आमचा धंदा बसला असे मजुरांनी सांगितलेले उतारे छपाईच्या आधी गळू लागले आहेत. पत्राचे धोरण मुक्त व्यापाराच्या बाजूचे होते. त्यात आणखी एक प्रकार घडला. रीजंट स्ट्रीटवरील एका बड्या शिवणकामाच्या पेढीची स्तुती करणारा लेख त्याच पत्रात आला. तो मेह्यूचा नव्हता. ही पेढी त्या पत्राची जाहिरातदार, आणि घरोघर पोटकंत्राटाने कवडीमोलात कपडे शिवून घेणारी असे मेह्यूचे म्हणणे. ऑक्टोबर १८५० मध्ये त्याने संबंध तोडला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शिंप्यांच्या जाहीर सभेत उभे राहून तोडण्याची कारणे सांगितली. लेखक-संपादकांचे भांडण मिटविण्यास पंच म्हणून शिंपी बसले आहेत, असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात आम्हांस दुसरा ठाऊक नाही!

डिसेंबरपासून मेह्यूने दोन पेन्सांच्या साप्ताहिक अंकांच्या रूपाने स्वतःचे प्रकाशन काढले. 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' हा त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ तो हाच. या अंकांच्या वेष्टनावर तो वाचकांच्या पत्रांना उत्तरे देई. कोणी आकडा चुकीचा म्हणे, कोणी अधिक माहिती पुरवी. संपादक गेला, तर वाचकच विचारणारे झाले. पण १८५२ साली मुद्रकाशी पैशाचा वाद कोर्टात गेला आणि अंक थांबले. दैनिकातील मूळ पत्रांपैकी पुष्कळसा भाग धुळीत पडून राहिला. त्यातला निवडक मजकूर ई. पी. टॉम्पसन आणि आयलीन यो यांनी पुस्तकरूपाने पुढे आणला तो १९७१ साली. एका संपादकी कात्रीची किंमत जवळजवळ सव्वाशे वर्षे!

मेह्यूच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आमचाच न्याय आम्ही मोडू. त्याच्या ग्रंथात गरीब माणसे सलग बोलतात. पाणभाजी विकणारी आठ वर्षांची पोर आपला दिवस कसा जातो ते सांगत सुटते. वाचताना वाटते, मनात आले तसे बोलली. वास्तविक मेह्यू प्रश्न विचारीत होता आणि लिहिताना आपले प्रश्न पुसून टाकीत होता. जबानी लिहिणारे सगळेच हे करतात. पण प्रश्न पुसला म्हणजे उत्तरावर प्रश्नकर्त्याचा हात किती पडला हेही पुसले जाते, याचे भान वाचकाने ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवावी, घरचे कर्ज फेडावे म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट, काल्पीच्या वाटेवर विहिरीकाठी भेटलेली तहानलेली राणी, हे सर्व त्यांनी पाहिले. जवळ साठलेले द्रव्य लुटले गेले, आणि गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. पुढे पुष्कळ वर्षांनी हे लिहून काढा असा आग्रह त्यांना चिंतामण विनायक वैद्यांनी केला. तो आग्रह झाला नसता तर ही हकिकत वरसईच्या ओसरीवरच विरून गेली असती. विचारणाऱ्याचे हे ऋण मोठे आहे आणि ते आपण मानलेच पाहिजे.

परंतु 'माझा प्रवास' वैद्यांनी १९०७ साली छापला तो जसाच्या तसा नव्हे. सत्तावन्नचा विषय त्या काळी म्हणजे पदरातला निखारा; शिवाय भिक्षुकाची बोलती, ओबडधोबड भाषा शिकलेल्या वाचकांपुढे कशी ठेवावी हाही संकोच असेल. वैद्यांनी भाषा सारखी केली, मजकुरात फेरफार केले, काही भाग गाळला. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने गोडसे भटजी म्हणून जे वाचले त्यात वैद्यांचा हात मिसळलेला होता. सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली त्यावरून मूळ पाठ छापला. तेव्हा भटजींचा खरा आवाज लोकांनी ऐकला. वैद्यांना आम्ही दोष देत नाही. आमच्या 'काळोखा'पेक्षा त्यांची अडचण खचित मोठी होती. पण एवढे ठरते की संपादकाने कितीही सद्हेतूने हात फिरविला तरी मूळ कागद जपला पाहिजे. आमच्या कचेरीत आज कोणाचीही कच्ची जबानी फाडून टाकावयाची नाही असा दंडक आहे.

येथपर्यंत संपादकाच्या कात्रीच्या गोष्टी झाल्या. आता त्याच्या प्रश्नाची गोष्ट ऐका.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्यावर जगभर रकानेच्या रकाने भरून आले, पण ते बहुतेक स्फोटाच्या शक्तीविषयी, विज्ञानाच्या करामतीविषयी, पडलेल्या इमारतींविषयी. खाली माणसे होती, त्यांचे काय झाले, हे अमेरिकन वाचकाला धड कोणी सांगितले नव्हते. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे व्यवस्थापकीय संपादक विल्यम शॉन यांनी हे हेरले, आणि जॉन हर्सी या एकतीस वर्षांच्या लेखकाशी बोलून त्याला तिकडे पाठविण्याचे ठरविले. वाटेत हर्सी आजारी पडला, तेव्हा त्याने थॉर्नटन वाइल्डरची एक कादंबरी वाचली. तीत पूल कोसळून पाच माणसे मरतात, आणि ती पाच माणसे त्या पुलावर कशी येऊन पोचली ते सांगितले आहे. त्यावरून त्याला आपल्या हकिकतीची घडण सुचली. १९४६ च्या मे-जूनमध्ये तो जपानात होता. पुष्कळांना भेटून त्याने सहा माणसे निवडली: दोन डॉक्टर, एक जर्मन धर्मगुरू, एक जपानी पाद्री, कारखान्यातली एक कारकून मुलगी आणि तीन मुलांना पोसणारी एका शिंप्याची विधवा.

त्या विधवेचा एक तपशील आम्ही विसरू शकत नाही. नवरा लढाईत गेल्यावर शिवणयंत्र हेच तिचे पोट. आगी लागल्या तेव्हा तिने ते यंत्र घरापुढच्या पाण्याच्या टाकीत ढकलले. लेखकाने त्यावर अश्रू ढाळलेले नाहीत. यंत्र टाकीत गेले, एवढेच सांगितले. ज्याने कधी हाताच्या कामावर घर चालविले आहे त्याला त्या वाक्यापुढे कशाचीच गरज वाटत नाही.

हर्सीने सुमारे तीस हजार शब्द लिहून आणले. चार अंकांत क्रमशः छापावे असा बेत होता. शॉन म्हणाले, तुकडे करू नयेत. एकाच अंकात सगळे द्यावे आणि त्या अंकात दुसरे काही देऊ नये. संस्थापक संपादक हॅरॉल्ड रॉस यांच्यापुढे पेच पडला. त्यांचे पत्र नर्मविनोदासाठी आणि व्यंगचित्रांसाठी प्रसिद्ध. वर्गणीदार काय म्हणतील? काही दिवस विचार करून त्यांनी होकार दिला. मग दोघे संपादक आणि लेखक दार लावून प्रुफांवर बसले.

रॉस हे फारसे शिकलेले गृहस्थ नव्हते. शाळा अर्धवट सोडून वर्तमानपत्री धंद्यात पडलेले. त्यामुळेच असेल, कळले नाही की कळले नाही असे म्हणण्याची त्यांना लाज वाटत नसे. प्रुफांच्या समासात त्यांनी प्रश्नांची रास घातली. बाँबने मोडलेल्या सायकलींना हर्सीने 'एका अंगाला कललेल्या' अशा अर्थाचे विशेषण लावले होते. रॉसचा प्रश्न, सायकल म्हणजे जवळजवळ चपटी वस्तू. तिला एक अंग आणि दुसरे अंग कोठून येणार? हर्सीने शब्द बदलून 'चुरगळलेल्या' केले. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. माणसे मेली असे तुम्ही जागोजाग म्हणता. ती भाजून मेली, दडपून मेली, की धक्क्याने मेली? हा प्रश्न कोरडा वाटेल. पण मरणाचे कारण विचारणे म्हणजेच मेलेल्याला माणूस समजणे होय. जेथे माणसे नुसती 'दगावतात' तेथे कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

३१ ऑगस्ट १९४६ चा तो अंक हातोहात संपला. पुढे अमेरिकन नभोवाणीवर चार रात्री तो संबंध वाचून दाखविला गेला, आणि लवकरच त्याचे पुस्तक झाले. जपान तेव्हा अमेरिकन लष्कराच्या अमलाखाली होता. तेथे जपानी भाषांतर निघाले ते १९४९ साली.

अर्थात या हकिकतीवरही आक्षेप आला. त्याच वर्षी मेरी मकार्थी या लेखिकेने म्हटले की हर्सीने बाँब भूकंपासारखा दाखविला आहे. जणू निसर्गाचाच कोप. बाँब पडला, पण टाकला कोणी, ठरविले कोणी, ते कोठे आहे? श्रोतेहो, हा आक्षेप वाचताना आमच्या अंगावर काटा आला. 'गार्ड काढलेले होते' हेच ते वाक्य! रॉसनी शेकडो गोष्टी विचारल्या, ही राहिली. तरीही आमच्या मते हर्सीचे पारडे जडच राहते. त्याने जे सांगितले ते इतके पक्के होते की उरलेला प्रश्न वाचक विचारू लागले. अमेरिकेचे माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांना १९४७ च्या फेब्रुवारीत 'हार्पर्स' मासिकात लेख लिहून बाँब टाकण्याच्या निर्णयाची कारणे द्यावी लागली. आमच्या जबानीतून उलट घडले. आमचा सजविलेला काळोख ढासळला आणि त्याखाली खरा प्रश्नही गाडला गेला.

चाळीस वर्षांनी, १९८५ साली, हर्सीने त्या सहाही जणांच्या पुढल्या आयुष्याची हकिकत लिहिली. दुरुस्त केलेले शिवणयंत्र त्या विधवेला पुढे औषधपाण्यासाठी विकावे लागले होते, आणि डांबरगोळ्यांच्या कारखान्यात तिने तेरा वर्षे काम केले होते. हकिकत छापून झाली म्हणजे सांगणाऱ्याशी नाते संपले, असे त्याने मानले नाही.

चौथे उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात तोच संपादक आहे. १९५९ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एका खेड्यात शेतकरी कुटुंबातल्या चार जणांचा खून झाला. ट्रूमन कपोटी या कादंबरीकाराने त्यावर कित्येक वर्षे खर्ची घालून लिहिलेली 'इन कोल्ड ब्लड' ही दीर्घ हकिकत १९६५ साली शॉन यांच्याच संपादकत्वाखाली 'न्यूयॉर्कर'च्या चार अंकांत आली. मुलाखतीच्या वेळी आपण वही काढीत नाही, ऐकलेले जवळजवळ सगळे आपल्या स्मरणात राहते, अशी लेखकाची बढाई होती; आणि सर्व मजकूर खरा असल्याचा त्याचा दावा होता. जेथे दोन माणसे एकटीच बोलत होती आणि ऐकणारा तिसरा कोणी नव्हता, अशा जागी शॉननी प्रुफाच्या समासात 'हे कसे कळले?' असे लिहिलेले आढळते. प्रश्न अचूक होता. उत्तर मिळाले नाही आणि मजकूर छापला गेला. पुस्तकाच्या शेवटी तपास-अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण यांची स्मशानातली भेट आहे. फार सुंदर उतारा आहे. ती भेट झालीच नव्हती असे पुढे खुद्द त्या अधिकाऱ्याने सांगितले. त्या एका स्मशानामुळे बाकीच्या खऱ्या तपशिलांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

येथे कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? वाचकाला आनंद मिळाला ना? कादंबरीत मिळाला असता तर काहीच बिघडले नसते. कादंबरीकार आधीच सांगून ठेवतो की हे मी रचले आहे. हर्सीने स्वतः कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९८० च्या सुमारास त्याने हा भेद स्पष्ट मांडला: हकिकत लिहिणाऱ्याला गाळता येईल, निवडता येईल, पण रचून घालता येणार नाही. आम्ही त्याला आमच्या अनुभवाची पुस्ती जोडतो. गाळतानाही सावध असावे. मेस्त्री गाळला गेला तर निवड आणि खोटे यांत फारसे अंतर उरत नाही.

या चार हकिकतींचा मेळ घातला तर संपादकाचा हात दोन तऱ्हेचा दिसतो. मेह्यूच्या संपादकाचा हात विचारीत होता, 'हे आपल्याला परवडेल का?' रॉस यांचा हात विचारीत होता, 'हे असेच घडले का?' वैद्यांच्या हातात थोडे हेही होते आणि थोडे तेही. शॉननी दुसऱ्या वेळी योग्य तेच विचारले, पण उत्तरासाठी अडून बसले नाहीत. पेन्सिल सगळ्यांची सारखीच. ती कोणासाठी चालते यावर हकिकतीचे बरेवाईट ठरते.

आणि हा केवळ छापखान्यातला प्रश्न नव्हे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिवसभरात शंभर हकिकती येऊन पडतात. त्यांच्यात सांगणारा कोण हे कळत नाही, लिहिणारा कोण हे कळत नाही, आणि विचारणारा तर बहुधा नसतोच. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही प्रश्न विचारणाऱ्याला लागणारा वेळ आता महाग झाला आहे. अशा वेळी ती तिसरी जागा कोणी भरावयाची? मेह्यूच्या अंकांच्या वेष्टनाकडे पाहा. तेथे ती वाचकांनी भरली होती. आपण संध्याकाळची कामे टाकून व्याख्यान ऐकावयास येता, शेवटी चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारता, हा त्याच जातीचा व्यवहार आहे. तो मोडू देऊ नका.

आमच्या कचेरीत आता जबानी घेण्याची पद्धत ठरलेली आहे. लिहिणारा एक असतो आणि विचारणारा दुसरा. विचारणाऱ्याने तीन गोष्टी सोडावयाच्या नाहीत: कोणी केले, केव्हा केले, आणि तुला कसे कळले. लिहून झाल्यावर सगळे सांगणाऱ्याला वाचून दाखवावयाचे, आणि तो 'हे मी म्हटलं नव्हतं' म्हणाला की ते वाक्य कितीही सुंदर असो, खोडावयाचे. या पद्धतीने आमच्या जबान्या रुक्ष झाल्या असतील. पण उलटतपासणीत त्या सहसा मोडत नाहीत.

हे व्याख्यान लिहून झाल्यावर आम्ही त्याच माणसाकडे गेलो. तो आता आपल्या गावी असतो, किराणा मालाचे छोटे दुकान चालवितो. त्याच्यासंबंधीचा भाग त्याला वाचून दाखविला आणि नाव घेणार नाही असे सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकले. आमच्या मूळ लेखात आम्ही 'तीन बोटे गेली' असे लिहिले होते. त्याने काउंटरवर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तीन नाही. दोन गेली, तिसरं अर्धं आहे अजून." एवढ्या वर्षांनंतर, आजच्या विषयावर व्याख्यान लिहिताना, आम्ही पुन्हा तेच केले होते!

तेथेच, दुकानाच्या पायरीवर बसून, आम्ही ते वाक्य दुरुस्त केले. आरंभी आपण ऐकलेत ते दुरुस्त केलेले आहे.